नागपूरच्या परसबागेत लसूण : लावणीपासून साठवणीपर्यंत

नागपूरच्या घरगुती बागांमध्ये वांगी, टोमॅटो, मेथी आणि सांबार (कोथिंबीर) हमखास दिसतात. लसूण मात्र फार कमी घरी लावला जातो, आणि ज्यांनी तो लावून पाहिला आहे त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते, की पात भरपूर आली, पण जमिनीखालचा गड्डा बोराएवढाच राहिला. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मातीत किंवा खतात नसते. ते लावणीच्या तारखेत असते. आपल्याकडचा हिवाळा लहान आहे आणि लसणाला त्या लहान हिवाळ्यातच आपले सगळे काम उरकायचे असते, ही गोष्ट मनात पक्की ठेवली तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजत जाते. म्हणून लावणीच्या कृतीआधी हे पीक वाढते कसे, ते थोडक्यात पाहू.

लसणाची पाकळी उगवल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने झाड फक्त मुळे आणि पाने वाढवते. त्याला काही आठवड्यांची थंडी मिळाली, आणि त्यानंतर दिवस मोठा होऊन तापमान चढू लागले, की नवी पाने येणे थांबते आणि आतल्या पानांच्या बेचक्यांत पाकळ्या भरायला लागतात. या पाकळ्यांना लागणारे अन्न आधी आलेली पानेच तयार करतात. त्यामुळे गड्डा धरायला सुरुवात होते त्या वेळी झाडावर किती पाने आहेत आणि ती किती रुंद व निरोगी आहेत, यावरच गड्ड्याचा आकार बराचसा ठरून जातो. नागपुरात खरी थंडी डिसेंबर आणि जानेवारीत असते. तेव्हा रात्रीचे तापमान सरासरीने १२-१३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि थंडीची लाट आली तर त्याहून बरेच खाली जाते. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर राहू लागते आणि मार्च संपता संपता ते ४० च्या आसपास पोहोचते. एवढ्या उष्णतेत लसणाची पाने पिवळी पडतात आणि झाड आपली वाढ आटोपते, मग खाली गड्डा भरलेला असो वा नसो. थोडक्यात, जानेवारीच्या अखेरीपर्यंत झाड मोठे झालेच पाहिजे.

लावणी कधी करावी

नागपूर आणि परिसरासाठी १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ लावणीला सर्वांत योग्य आहे. दसरा आणि दिवाळी दरवर्षी मागेपुढे होत असल्याने सणावर विसंबून न राहता दिनदर्शिकेवरची तारीखच धरावी. त्याआधी घाई करू नये, कारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीच्या पावसाच्या सरी येऊ शकतात आणि पाऊस थांबला की लगेच ऊन तापते. ओल्या आणि गरम मातीत पाकळी नीट उगवत नाही, उलट ती कुजते. उशीर केला तर नुकसान अधिक मोठे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस लावलेल्या लसणाला पाने वाढवायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि डिसेंबरमध्ये लावलेल्या पुष्कळशा झाडांना तर पाकळ्या फुटतच नाहीत. खाली एकाच पाकळीचा गोल गड्डा तयार होतो. तो खायला उत्तम असतो, पण त्याने घराची गरज भागत नाही. ज्यांना दिवाळीच्या धावपळीत लावणी जमली नाही, त्यांनी गड्ड्याची अपेक्षा सोडून केवळ पातीसाठी लसूण लावावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बियाणे निवडताना

लसणाला पेरता येईल असे बी धरत नाही. पाकळी हेच त्याचे बियाणे. म्हणूनच बियाण्याची निवड ही या पिकातील सर्वांत मोलाची पायरी आहे. मोठ्या पाकळीत साठलेले अन्न जास्त असते, त्यातून पहिली पाने जोमदार येतात आणि आपल्याकडच्या अपुऱ्या हिवाळ्यात सुरुवातीचा हा जोर फार उपयोगी पडतो.

महाराष्ट्रासाठी शिफारस झालेल्या वाणांमध्ये पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेचा ‘भीमा पर्पल’ हा वाण घरगुती बागेसाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याच्या गड्ड्याचे साल जांभळट असते आणि तो साधारण १२० ते १३५ दिवसांत तयार होतो; म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस लावला तर मार्चच्या सुरुवातीला काढणीला येतो, आणि हे गणित आपल्या हवामानाशी नेमके जुळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’ आणि ‘श्वेता’ हे वाणही महाराष्ट्रातले जुने आणि परिचित वाण आहेत. ‘यमुना सफेद-३’ म्हणजेच ‘जी-२८२’ या पांढऱ्या वाणाच्या पाकळ्या मोठ्या आणि संख्येने कमी असल्याने तो सोलायला सोपा जातो. मात्र शहरातील कृषी केंद्रांमध्ये लसणाचे बियाणे नेहमी मिळतेच असे नाही, त्यामुळे सप्टेंबरपासूनच चौकशी करून ठेवावी. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात विचारणा करणेही उपयोगाचे ठरू शकते.

वाणाचे बियाणे मिळाले नाही तर बाजारातील लसूणही चालतो, पण तो पारखून घ्यावा लागतो. कॉटन मार्केटमध्ये किंवा गोकुळपेठेच्या बाजारात लसूण घेताना मध्यम आकाराचे, घट्ट, कोरडे आणि साल शाबूत असलेले गड्डे वेचून घ्यावेत. दाबल्यावर पोकळ लागणारे, बुडाशी काळी बुरशी असलेले किंवा पाकळ्यांवर पिवळे, खोलगट डाग असलेले गड्डे स्वस्त मिळाले तरी लावणीसाठी घेऊ नयेत, कारण त्यांच्याबरोबर रोग थेट आपल्या वाफ्यात येतो. अगदी थोड्या, पण भल्यामोठ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण दिसायला आकर्षक असतो आणि नवख्या माणसाला तोच लावावासा वाटतो. तो मोह टाळावा. थंड डोंगराळ प्रदेशातील अशा काही वाणांना गड्डा धरण्यासाठी मोठा दिवस लागतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने आपल्याकडे हिवाळ्यातला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत उन्हाळा सुरू झालेला असतो. त्यामुळे असा लसूण आपल्याकडे नुसती पात वाढवतो.

घेतलेला लसूण उगवण्याच्या अवस्थेत आला आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. एक पाकळी उभी चिरावी. आतील हिरवट कोंब पाकळीच्या निम्म्या उंचीपर्यंत किंवा त्याहून वर आलेला दिसला, तर लसणाची सुप्तावस्था संपलेली आहे आणि तो लावल्यावर आठ-दहा दिवसांत उगवेल. कोंब अगदीच बारीक असेल तर त्या लसणाला उगवायला बराच वेळ लागतो, आणि आपल्याकडे वेळच तर कमी आहे.

जागा, माती आणि कुंडी

लसणाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेला असलेली जागा, जी पावसाळ्यात उजेडाची वाटते, तीच डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत जाते. जागा ठरवताना हे आधीच लक्षात घ्यावे आणि शक्यतो घराच्या दक्षिण किंवा पूर्व बाजूची मोकळी जागा निवडावी.

नागपूरच्या मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे दोन टोकांच्या अडचणी येतात. जुन्या वस्त्यांमधील आणि शहराबाहेरच्या अनेक भूखंडांवर भारी काळी माती असते. ती सुपीक असते आणि ओल धरून ठेवते, पण पाणी जास्त झाले की चिकट होते आणि वाळली की तडकते. अशा मातीत गड्डा दबून वेडावाकडा वाढतो, काढताना तुटतो आणि पाणी साचल्यास बुडाशी कुजतो. याउलट नव्या ले-आउटमधील प्लॉटवर बहुधा मुरूम टाकून भरणी केलेली असते. तेथे पाणी तर टिकत नाहीच, पण मुळांना अन्नही मिळत नाही. दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरपूर घालून केलेला गादीवाफा. लसणाची मुळे उथळ असतात, त्यामुळे वरची २० ते २५ सेंटिमीटर माती सुधारली तरी पुरते.

वाफा एक मीटर रुंद आणि जागा असेल तेवढा लांब करावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. जमीन कुदळीने एक वीत खोल खणून ढेकळे फोडावीत, हरळी आणि लव्हाळ्याची मुळे वेचून काढावीत, आणि दर चौरस मीटरला चार-पाच किलो शेणखत व १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच करावा. काळ्या मातीत यासोबत जाड वाळूही मिसळावी. मुरमाच्या जागेत वाळूची गरज नसते, तेथे बाहेरून आणलेली काळी माती आणि खत निम्मे-निम्मे घालावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते, आणि लसणाच्या कोवळ्या मुळांना त्याची उष्णताही सोसत नाही. शक्य असल्यास १० किलो शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून ते ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवावे आणि मग वाफ्यात घालावे. मातीतून होणारी कूज त्यामुळे बरीच आटोक्यात राहते.

ज्या वाफ्यात मागच्या वर्षी कांदा किंवा लसूण होता तेथे पुन्हा लसूण लावू नये. मध्ये दोन-तीन वर्षांचे अंतर असावे. पावसाळ्यात चवळी किंवा गवार घेतलेली जागा लसणासाठी उत्तम, कारण ही कडधान्यवर्गीय पिके मातीला नत्र देऊन जातात आणि लसणाची लावणी करण्याच्या सुमारास जागाही मोकळी होते.

गच्चीवर लावायचे असेल तर किमान २० सेंटिमीटर खोलीची पसरट कुंडी, क्रेट किंवा ग्रो-बॅग घ्यावी. दोन भाग माती, दोन भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा वाळू असे मिश्रण भरावे आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे आहेत याची खात्री करावी. एक फूट व्यासाच्या कुंडीत सात-आठ पाकळ्यांपेक्षा जास्त लावू नयेत. दाटी केली की प्रत्येक गड्डा लहान राहतो. गच्चीवरच्या कुंड्यांची एक वेगळी अडचण अशी, की फेब्रुवारीत पश्चिमेच्या उन्हाने कुंडीची बाजू तापते आणि आतल्या मुळांना उन्हाळा वाफ्यातल्या लसणापेक्षा आधीच जाणवतो. तेव्हा कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात आणि पश्चिमेकडच्या बाजूला ओली पोती किंवा फळी उभी करावी.

लावणीची कृती

एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब वाफ्यात, दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास सुमारे १३० पाकळ्या बसतात. निवडून उरणाऱ्या लहान पाकळ्यांचा हिशोब धरून त्यासाठी ३०० ग्रॅमच्या आसपास लसूण आणावा. एवढ्या वाफ्यातून, सगळे ठीक झाले तर, दोन किलोच्या आसपास वाळलेला लसूण मिळावा.

गड्डे फोडण्याचे काम लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी करावे. फोडून ठेवलेल्या पाकळ्या सुकतात आणि त्यांच्या बुडाची चकती, जिच्यातून मुळे फुटतात, ती कोरडी पडते. पाकळ्या हातानेच सुट्या कराव्यात, चाकू वापरू नये, आणि पाकळीवरचे पातळ साल काढू नये. बाहेरच्या रांगेतील टपोऱ्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या पाकळ्या लावणीसाठी बाजूला काढाव्यात. आतल्या बारीक, चपट्या पाकळ्या वाफ्यात लावू नयेत. त्या एका वेगळ्या कुंडीत दाटीने खोचाव्यात, म्हणजे महिन्याभरात हिरवी पात मिळू लागते. पातीसाठी ही वेगळी कुंडी असणे फार महत्त्वाचे आहे, कारण ती नसली की पातोडीच्या रश्श्यासाठी किंवा ठेच्यासाठी हात गड्ड्याच्या झाडांकडे वळतो, आणि प्रत्येक कापलेल्या पानामागे गड्ड्याचे वजन कमी होते.

लावणीच्या आदल्या दिवशी वाफ्याला हलके पाणी द्यावे, म्हणजे माती वाफशावर येते, म्हणजेच ओलसर पण चिकट नसलेली होते. दोरी लावून ओळी आखाव्यात. खुरपीने किंवा बोटाने खड्डा करून पाकळीचे टोक वर आणि चपटे बूड खाली येईल अशा रीतीने ती उभी ठेवावी, आणि टोकावर दोन ते तीन सेंटिमीटर माती येईल एवढीच खोल लावावी. काळ्या मातीत दोन सेंटिमीटर पुरतात. हलक्या मातीत तीन घ्यावेत. पाकळी उलटी लागली तरी उगवते, पण कोंबाला वळसा घेऊन वर यावे लागते आणि मान वाकडी होते. पाकळी मातीत नुसती दाबून घुसवू नये. खालची माती घट्ट होते आणि मुळे फुटली की ती पाकळीला वर ढकलतात.

लावणी झाल्यावर झारीने पाणी द्यावे आणि वाफ्यावर दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन पसरावे. या दिवसांत सोयाबीनची मळणी झालेली असते आणि शहराभोवतालच्या गावांत त्याचे कुटार सहज मिळते. भंडारा-गोंदियाकडे ये-जा असणाऱ्यांना धानाची तणस मिळेल. आच्छादनामुळे ऑक्टोबरच्या उन्हात माती थंड राहते, पाणी कमी लागते आणि पुढे निंदण करण्याचे श्रमही वाचतात. कोंब आच्छादनातून वर येतात. एखादा अडकलेला दिसला तर हाताने मोकळा करावा. पंधरा दिवसांत जेथे पाकळी उगवली नाही तेथे पातीच्या कुंडीतले एखादे जोमदार रोप मातीसकट काढून लावता येते.

पाणी आणि निंदण

लसणाच्या बाबतीत पाण्याची चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. मुळे उथळ असल्यामुळे वरचा थर कोरडा पडला की झाड लगेच थबकते. आणि पाणी साचले की बूड कुजते. काळ्या मातीच्या वाफ्याला आच्छादन असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत सात-आठ दिवसांनी एकदा पाणी पुरते, मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी द्यावे लागते आणि कुंड्यांना दोन-तीन दिवसांनी. पण हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. आच्छादन बाजूला करून बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालावे. तेथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पाने रात्री ओली राहत नाहीत.

गड्डा धरण्याच्या काळात, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून पुढचा महिनाभर, पाण्यात खंड पडू देऊ नये. आधी वाफा सुकू द्यायचा आणि मग भरभरून पाणी द्यायचे, असे झाले की गड्डे फुटतात आणि पाकळ्या सालीबाहेर येतात. संक्रांतीच्या सुट्टीत गावाला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून पाण्याची व्यवस्था करून जावे. घरच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी फार जड असेल आणि वाफ्यावर पांढरा थर धरत असेल, तर शक्य तेवढे नळाचे पाणी वापरावे. लसणाला क्षार फारसे सोसत नाहीत.

लसणाची पाने अरुंद आणि उभी असतात, ती जमिनीवर सावली धरत नाहीत, म्हणून तणाशी या पिकाचा टिकाव लागत नाही. पहिले दोन महिने वाफा स्वच्छ ठेवावा. निंदण हातानेच आणि वरवर करावे. खुरपे खोल घातले की मुळे तुटतात. हरळीचा एक तुकडा राहिला तरी तो गड्ड्यांमधून पसरतो, म्हणून ती दिसताक्षणी मुळासकट उपटावी.

खत किती आणि कधी

लसणाच्या खताचे सूत्र लहान आहे: नत्र लवकर द्यायचे आणि वेळेवर थांबायचे. लावणीच्या वेळी दर चौरस मीटरला ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळले तर स्फुरदाची गरज भागते आणि त्याबरोबरच गंधकही मिळते. लसणाचा उग्र वास आणि तिखटपणा हा गंधकयुक्त घटकांमुळेच असतो. पाकळी ठेचली की त्यातील अ‍ॅलिनचे विकरामुळे अ‍ॅलिसिन होते आणि तो ओळखीचा दर्प दरवळतो. मातीत गंधक कमी असेल तर पाने फिकट पडतात आणि लसूण मिळमिळीत होतो.

उगवणीनंतर, म्हणजे लावणीपासून ३० दिवसांनी आणि पुन्हा ४५ दिवसांनी, दर चौरस मीटरला १५ ग्रॅम अमोनियम सल्फेट ओळींमध्ये टाकून वरून पाणी द्यावे. केवळ सेंद्रिय पद्धतीने वाढवायचे असेल तर त्याच वेळी दर चौरस मीटरला अर्धा किलो गांडूळखत ओळींत पसरावे आणि पंधरा दिवसांतून एकदा शेणाची पातळ स्लरी किंवा जीवामृत द्यावे. लावणीला ६० दिवस झाल्यावर मात्र नत्राचे कोणतेही खत देऊ नये, मग ते रासायनिक असो वा शेणाचे. या टप्प्यावर दिलेल्या नत्राने झाड पुन्हा पाने काढू लागते, तयार होत असलेल्या पाकळ्यांनाच कोंब फुटतात, गड्डा सैल होतो आणि साठवणीत टिकत नाही. जानेवारीत पाने थोडी फिकट दिसली की काही तरी द्यावेसे वाटते. त्या वेळी हात आवरणे हेच पिकाच्या हिताचे असते.

कीड आणि रोग

घरगुती वाफ्यात सर्वांत जास्त त्रास फुलकिड्यांचा होतो. ते पानांच्या बेचक्यात दडतात, रस शोषतात आणि पानांवर चंदेरी-पांढरे ठिपके व रेघा उमटतात. पुढे पाने मुरडतात. थंडी ओसरून हवा कोरडी व उबदार होऊ लागली की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आठवड्यातून एकदा पानांचे बेचके उघडून पाहावेत, वाफ्याजवळ निळे चिकट सापळे लावावेत आणि कीड दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घ्यावी. तयार नीमतेल वापरायचे असल्यास एक लिटर पाण्याला ५ मिलिलिटर पुरते. त्यात थोडा द्रव साबण मिसळला नाही तर लसणाच्या मेणचट पानांवर थेंब टिकत नाहीत. फवारणी संध्याकाळी करावी.

ढगाळ हवामान किंवा अवकाळी पाऊस झाला की करपा येतो. पानांवर लहान, पांढुरके, आत दबलेले डाग पडून मधोमध जांभळट होतात, आणि पान तेथून मोडते. अशी पाने ताबडतोब कापून बागेबाहेर टाकावीत, कंपोस्टमध्ये घालू नयेत. रोग पसरत असेल तर एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून फवारता येते, परंतु ज्या झाडांची पात खायची आहे त्यांच्यावर ते फवारू नये. पातीची कुंडी वेगळी ठेवण्याचा हाही एक लाभ आहे. पाने पिवळी पडून झाड सहज उपटले जात असेल आणि बुडाशी पांढरी बुरशी दिसत असेल, तर ते झाड भोवतालच्या मातीसह काढून टाकावे आणि पाणी कमी करावे. त्या झाडाला वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

काढणीची वेळ ओळखणे

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात खालची पाने पिवळी पडून वाळू लागतात, टोके करपतात आणि काही झाडांच्या माना मऊ होऊन आडव्या पडतात. खालची निम्मी पाने वाळलेली आणि वरची चार-पाच पाने अजून हिरवी आहेत, ही काढणीची खूण आहे. पण केवळ पानांवर विश्वास न ठेवता एक-दोन गड्डे माती सारून पाहावेत. पाकळ्यांचे आकार सालीतून स्पष्ट जाणवत असतील तर पीक तयार आहे. गड्डा गुळगुळीत कांद्यासारखा लागत असेल तर आणखी आठवडाभर थांबावे. फार थांबलो तर बाहेरची साल मातीतच कुजते, गड्डे उकलतात आणि काढताना पाकळ्या सुट्या होतात.

काढणीच्या आधी १० ते १५ दिवस पाणी पूर्ण बंद करावे. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आणि अवकाळी पाऊस येण्याची शक्यता असते, तेव्हा या दिवसांत हवामानाच्या अंदाजाकडे लक्ष असू द्यावे. पीक जवळपास तयार असेल आणि पावसाचा इशारा असेल, तर दोन-चार दिवस आधी काढलेला थोडा कमी भरलेला लसूण भिजलेल्या लसणापेक्षा केव्हाही बरा. गच्चीवरच्या कुंड्या अशा वेळी उचलून छपराखाली नेता येतात, ही त्यांची मोठी सोय आहे.

काढताना पात धरून ओढू नये. काळ्या मातीत मान तुटते आणि गड्डा आतच राहतो. ओळीच्या बाजूने, गड्ड्यापासून चार बोटे अंतरावर खुरपे किंवा कुदळ घालून माती सैल करावी आणि गड्डा खालून उचलावा. माती हाताने झटकावी. गड्डे धुऊ नयेत आणि आपटू नयेत, कारण मार लागलेली पाकळी महिन्याभरात सडते आणि शेजारच्या पाकळ्यांनाही सडवते.

वाळवण आणि साठवण

काढलेला लसूण पातीसकट दोन-तीन दिवस वाफ्यातच पसरून ठेवावा, पण असा, की एका ओळीची पात शेजारच्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. मार्चच्या उन्हात उघडे राहिलेले गड्डे भाजतात आणि पाकळ्या पिवळट, मऊ होतात. त्यानंतर आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत, जमिनीला न टेकवता, खाटेवर किंवा जाळीवर पसरावे. मान पिळून पाहिली असता ओलावा जाणवला नाही आणि बाहेरची साल कागदासारखी कुरकुरीत झाली, की लसूण साठवणीस योग्य झाला. मुळे बुडापासून अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावीत. पात कापायची असेल तर गड्ड्यावर दोन-तीन सेंटिमीटर देठ राहू द्यावा. न कापता पंधरा-वीस गड्ड्यांच्या जुड्या बांधून टांगणे अधिक चांगले.

साठवणीसाठी नागपूरचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा या दोन्हींचा विचार करावा लागतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखालची खोली किंवा गच्चीवरचा जिना भट्टीसारखा तापतो; तेथे टांगलेला लसूण जूनपर्यंत पोकळ होतो. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, वारा खेळता राहील अशी खोली त्यासाठी निवडावी. कूलरच्या ओल्या झोतासमोर जुड्या टांगू नयेत, आणि लसूण प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नये. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतून एकदा जुड्या खाली घेऊन तपासाव्यात आणि मऊ झालेले किंवा काळी पूड धरलेले गड्डे वेगळे करावेत. चांगला वाळलेला लसूण अशा रीतीने पाच-सहा महिने टिकतो.

पुढच्या हंगामाचे बियाणे काढणीच्या वेळीच निवडावे, स्वयंपाकघरात पहिला गड्डा जाण्याआधी. रोग न आलेल्या झाडांचे, घट्ट, एकसारख्या टपोऱ्या पाकळ्यांचे १२-१५ गड्डे बाजूला काढून त्यांची वेगळी जुडी बांधावी आणि तिला वाणाचे नाव व काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. वर्षानुवर्षे सर्वांत मोठे आणि निरोगी गड्डे बियाण्यासाठी राखले, तर आपल्या अंगणातील माती, पाणी आणि थंडी यांत चांगली येणारी झाडेच पुढच्या लावणीत जातात. घरात लसूण संपला म्हणून या जुडीला ऑक्टोबरपूर्वी हात लावू नये. त्या दिवसांत लागेल तेवढा लसूण बाजारातून आणावा.